शॉर्टवेव्ह रेडिओ घेताना आधी सेल बघा

नागपुरातल्या फ्लॅटमध्ये ज्या शॉर्टवेव्ह (म्हणजे दूरदेशीची स्टेशनं पकडणाऱ्या) रेडिओवर नुसती खरखर येते, तोच रेडिओ वावरातल्या धुऱ्यावर नेऊन ठेवला की हजारो किलोमीटरवरचं स्टेशन स्वच्छ बोलू लागतं. रेडिओ तोच, अँटेना तीच. फरक आजूबाजूच्या विजेच्या गोंगाटाचा असतो. म्हणून खेड्यात राहणाऱ्याने महागडा रेडिओ शोधण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: रेडिओ कोणत्या सेलवर चालणार, आणि ऐकताना तो घरच्या विजेपासून किती लांब ठेवता येईल. निम्मं रिसेप्शन इथेच ठरतं.

आज काय ऐकू येतं, हे आधी स्पष्ट असू द्या. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झालं. आकाशवाणीनेही शॉर्टवेव्हवरून बराच काढता पाय घेतला आहे. तरी बीबीसीची दक्षिण आशियासाठीची इंग्रजी सेवा, चीनचं आंतरराष्ट्रीय प्रसारण, धार्मिक केंद्रांचे कार्यक्रम, हॅम म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्या मंडळींच्या गप्पा आणि वेळेचे टिकटिक संकेत एवढं तरी बँडवर सापडतं. फक्त मराठी बातम्या आणि गाणी हवी असतील, तर एफएम आणि मीडियम वेव्हचा साधा रेडिओ पुरतो. त्यासाठी शॉर्टवेव्हवर पैसे घालू नका.

सेलवरून रेडिओ निवडा

रेडिओचं मॉडेल पाहण्याआधी आपल्या बाजाराच्या गावात कोणते सेल खात्रीने मिळतात ते बघा. सेल संपला आणि गावात मिळाला नाही, तर कितीही चांगला रेडिओ कपाटात पडून राहतो.

पेन्सिल सेल (एए) प्रत्येक किराणा दुकानात मिळतात. टेकसन पीएल-६६० चार पेन्सिल सेलवर चालतो, पीएल-३१०ईटी आणि पीएल-३८० तीनवर. पीएल-३३० मध्ये बीएल-५सी ही बॅटरी लागते. जुन्या साध्या नोकिया मोबाईलची ही चपटी बॅटरी तालुक्याच्या कुठल्याही मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळते, ही त्या रेडिओची मोठी जमेची बाजू. एक्सएचडेटा डी-८०८ ला १८६५० हा जाड लिथियम सेल लागतो, जो पॉवर बँकेत आणि चांगल्या टॉर्चमध्ये असतो. हा सेल घेताना सालीवरचा आकडा वाचा. खऱ्या १८६५० ची ताकद साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या फार पुढे जात नाही आणि त्याचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. ९९०० छापलेला, हातात हलका लागणारा सेल खोटा समजा.

ऑनलाइन मागवताना पेटीत सेल येणार का, तेही वाचून घ्या. लिथियम सेल विमानाने पाठवण्यावर बंधनं असल्याने कित्येकदा रेडिओ सेलशिवायच येतो.

रेडिओत काय असावं

आकड्यांचा डिस्प्ले आणि १ किलोहर्ट्झच्या पावलाने ट्यूनिंग हवंच. काटा आणि दोरीच्या डायलवर ३१ मीटरचा अख्खा बँड, म्हणजे ९४०० किलोहर्ट्झच्या पुढचा स्टेशनांचा पट्टा, बोटभर जागेत बसतो. तिथे ९५०० आणि ९५१० ही दोन स्टेशनं वेगळी काढणं नशिबावर सोडावं लागतं.

बँडविड्थ, म्हणजे रेडिओ एका वेळी किती रुंद पट्टा ऐकतो ते, बदलायची सोय दुसरी. शेजारचं स्टेशन कानात घुसत असेल तर ६ किलोहर्ट्झवरून ३ वर यायचं. आवाज थोडा दबका होतो, पण शब्द कळतात.

तिसरी गोष्ट बाहेरच्या अँटेनाचं ३.५ मिलिमीटरचं छिद्र आणि त्याच्याजवळचा लोकल-डीएक्स (जवळचं-लांबचं) खटका, जो लोकलवर केला की आत येणारा सिग्नल कमी होतो. लांब तार लावल्यावर हा खटका किती कामाचा ते पुढे कळेल.

एसएसबी (सिंगल साइडबँड) या वेगळ्या पद्धतीने पाठवलेला आवाज पकडायची सोय हॅम आणि विमानांचे संदेश ऐकायला लागते. नेहमीचं प्रसारण ऐकणाऱ्याला ती अडत नाही. सिंक डिटेक्शन असेल तर रात्री आवाज वरखाली होऊन चिरका होतो तो बराच सावरतो. पीएल-६६० आणि पीएल-३३० मध्ये दोन्ही आहेत, पीएल-३१०ईटी मध्ये एसएसबी नाही.

मीडियम वेव्हची पायरी ९ किलोहर्ट्झवर असल्याचं तपासा. अमेरिकेसाठी बनलेला रेडिओ १० किलोहर्ट्झच्या पायरीवर येतो, आणि मग नागपूर आकाशवाणीची ५८५ पायऱ्यांनी जाताना सापडतच नाही. बहुतेक रेडिओंत ही पायरी बदलता येते. कशी, ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं.

स्वस्त रेडिओची एक खूण दुकानातच तपासता येते. एखादं दणदणीत स्टेशन पकडा आणि बरोबर ९१० किलोहर्ट्झ खाली या. ११८०० वर लागलेलं तेच स्टेशन १०८९० वर पुन्हा ऐकू आलं, तर तो सिंगल कन्व्हर्शनचा, म्हणजे आत फ्रिक्वेन्सी एकदाच बदलणारा रेडिओ आहे. आतली मधली फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्झ, तिच्या दुपटीवर ही भुताची प्रतिमा उमटते. असा रेडिओ रात्री भरलेल्या बँडवर गोंधळ घालतो.

जुना रेडिओ घेत असाल तर आधी सेलचा कप्पा उघडा. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवी पूड असेल तर गंज आतल्या तारेतही चढलेला असण्याची शक्यता धरा. मग आवाजाचं बटण आणि बँडचा खटका फिरवून पाहा. खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, पण हलणारी टेलिस्कोपिक अँटेना बुडाशी तुटायला आलेली असते.

सेल किती दिवस पुरेल

रेडिओ किती करंट खातो ते स्वतः मोजा. पोस्टकार्डाच्या जाडीची पुठ्ठ्याची पट्टी घ्या, दोन्ही बाजूंना जेवणाच्या डब्याची चंदेरी फॉईल चिकटवा, पण दोन फॉईल एकमेकींना कुठेही टेकू देऊ नका. ही पट्टी सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये सरकवा. एका फॉईलला मल्टिमीटरची एक पिन, दुसरीला दुसरी. मीटर आधी १० अँपिअरच्या खुणेवर आणि लाल पिन त्याच छिद्रात. आकडा लहान दिसला की लाल पिन मिलिअँपिअरच्या छिद्रात हलवा आणि मीटर २०० मिलिअँपिअरवर आणा. लहान डिजिटल रेडिओ साधारण ४० ते १०० मिलिअँपिअर घेतो. आवाज वाढवला आणि डिस्प्लेचा दिवा लावला की तो वर चढतो. इअरफोन लावला की खाली येतो.

समजा आकडा ७० आला. २००० मिलिअँपिअर-तासांच्या रिचार्जेबल निकेल सेलचे प्रत्यक्षात १६०० धरा. १६०० भागिले ७० म्हणजे जवळपास २३ तास. रोज तीन तास ऐकणाऱ्याला एक चार्ज आठवडाभर जातो. साधे कार्बन-झिंक सेल स्वस्त असले तरी यात निम्मेही टिकत नाहीत, आणि संपल्यावर आत विसरले तर पाझरतात. अल्कलाइन टिकतात, पण दर आठवड्याला विकत घेणं परवडत नाही. रोज ऐकणाऱ्याने पडून असताना चार्ज कमी गमावणाऱ्या रिचार्जेबल सेलचे दोन संच ठेवावेत, एक रेडिओत आणि एक चार्जरमध्ये. चार्ज न होणारे सेल रेडिओत असताना त्याला चार्जर कधीही लावू नका. ते फुगतात, पाझरतात, क्वचित फुटतातही.

आता उन्हाळा. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो आणि विदर्भात एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखाली दुपारी याहून जास्त तापतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. बीएल-५सी असो की १८६५०, चार्जिंग पहाटे नाहीतर रात्री उशिरा, जमिनीलगत. कोनाड्यात किंवा माठाजवळच्या गारव्यात ठेवलं तरी चालतं, पाणी लागणार नाही एवढं बघा. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. दुपारी टिनाखाली राहिलेल्या रेडिओचा डिस्प्ले काळा पडला तर घाबरू नका, थंड झाला की आकडे परत दिसतात.

चार्जर लावून ऐकू नका

मोबाईलच्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या जागी सेकंदाला हजारो वेळा चालूबंद होणारं सर्किट असतं. त्याचा गोंगाट थेट शॉर्टवेव्हवर पडतो. चार्जर लावला की स्टेशन गेलं आणि काढला की आलं, एवढी परीक्षा पुरे. चार्ज करून घ्या, पिन काढा, मग ऐका.

घरात विजेवरच ऐकायचं असेल तर जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरचा सप्लाय बनवून घ्या. ६ व्होल्ट बाहेरून घेणाऱ्या रेडिओसाठी सामान असं: १२ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १एन४००७ चे चार डायोड, २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, ७८०६ रेग्युलेटर (बाहेर कायम ६ व्होल्ट देणारा), त्याच्या आत जाणाऱ्या पायाला ०.३३ आणि बाहेर येणाऱ्या पायाला ०.१ मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक डायोडच्या अंगावर ०.०१ मायक्रोफॅरडचा डिस्क कपॅसिटर. हे चार डिस्क कपॅसिटर बहुतेक जण गाळतात आणि मग स्टेशन लागलं की घूंऽऽ असा हम येतो, स्टेशन नसताना येत नाही. तो हम डायोडमधून येतो आणि या चार तुकड्यांनी मरतो.

ट्रान्सफॉर्मर ९ व्होल्टचा का नको? गणित करून पाहा. ७८०६ ला नीट चालायला किमान ८ व्होल्ट लागतात. डीपीपासून लांबच्या घरात संध्याकाळी वीज १७० व्होल्टवर येते. तेव्हा ९ चा ट्रान्सफॉर्मर जेमतेम साडेसहा देतो, कपॅसिटर लहरीच्या शिखरापर्यंत भरतो म्हणून डायोडनंतर ८ च्या आसपास मिळतात, आणि लहरीने ते थोडे खाली गेले की रेग्युलेटर सुटतो. १२ चा ट्रान्सफॉर्मर असेल तर अशा वेळीही डायोडनंतर ११ व्होल्ट मिळतात. पूर्ण दाबाला मात्र ७८०६ तापतो, म्हणून त्याला दोन इंच अॅल्युमिनियमची पट्टी बोल्टने आवळा. मुख्य विजेकडे २५० मिलिअँपिअरचा फ्यूज टाका आणि ही बाजू स्वतः न जोडता रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. पिनचं आतलं टोक धन की ऋण, ते रेडिओच्या पाठीवरच्या चित्रात दिलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय पिन लावू नका. उलटी लागली तर रेडिओ जळू शकतो.

सौर पॅनल असेल तर १० वॅटचं पॅनल आणि १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी पुरते. ही बॅटरी अर्ध्याहून जास्त उतरवायची नाही, तरी १०० मिलिअँपिअरचा रेडिओ पस्तीस तास चालतो. बॅटरीच्या धन टोकालाच १ अँपिअरचा फ्यूज द्या. पुढे ७८०६ लावा. बाजारात मिळणारी बारकी हिरवी-निळी व्होल्टेज कमी करायची पाटी लावू नका. तिच्यातली एलएम२५९६ चिप १५० किलोहर्ट्झवर धडधडते आणि तिची पिल्लं अख्ख्या बँडवर पसरतात. चार्ज कंट्रोलरही गोंगाट करतो, म्हणून दिवसा ऐकताना पॅनलची तार सोडवा.

गोंगाट कुठून येतो ते शोधा

रेडिओ सेलवर चालू करा, रिकाम्या जागी, समजा ९३०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा, आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर कमी झाली तर चोर घरात आहे. मग एकेक बटण चालू करत जा. स्वस्त एलईडी बल्ब, सेटटॉप बॉक्स, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर हे नेहमीचे गुन्हेगार. बल्ब बदलणं सर्वात स्वस्त. चार्जरची तार फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेढे घेऊन नेली तर काही गोंगाट गिळला जातो.

मेन पाडूनही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येते. सौर पंपाचा कंट्रोलर दिवसभर घुरघुरतो आणि सूर्य मावळला की गप्प होतो. रात्रीच्या ऐकण्याला त्याचा त्रास नाही. डुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी कुंपणाला लावलेली झटका मशीन मात्र रात्रीच चालू असते आणि रेडिओवर दर सेकंदा-दीड सेकंदाला टक्‌ टक्‌ वाजते. आवाजाचं मूळ मशीनपेक्षा तारेच्या ठिणगीत जास्त असतं. तारेला टेकलेलं गवत, फुटलेला इन्सुलेटर, सैल पीळ तिथे ठिणगी उडते. कुंपणाच्या कडेने फिरून गवत कापा, पीळ आवळा. त्याने झटकाही पूर्ण ताकदीने बसतो, त्यामुळे मशीनवाला शेजारी आनंदाने हात लावेल. मशीनचा अर्थ आणि रेडिओचा अर्थ एकाच सळईला कधीच जोडू नका. आणि कुंपणात मशीनच्या जागी थेट लाईट सोडलेली दिसली तर रेडिओ बाजूला ठेवा. ते बेकायदेशीर आहे, त्याने माणसं मरतात, आधी ती बंद करायला लावा.

लाईट गेली की बहुतेक सगळं आपोआप शांत होतं. भारनियमनाचा तास हा शॉर्टवेव्हचा सर्वात चांगला तास, तेव्हाच लांबची अशक्त स्टेशनं शोधा.

तारेची अँटेना

सोबतच्या टेलिस्कोपिक अँटेनाला सात-आठ मीटर बारीक पीव्हीसी तार चिमट्याने लावली तरी कमकुवत स्टेशन वर येतं. कायमची लावायची असेल तर असं करा.

१. घरापासून कडुलिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडापर्यंत १० ते १५ मीटर अंतर निवडा. त्या रस्त्यावर विजेची तार वर, खाली किंवा तुटली तर पोचेल एवढ्या जवळही नको.

२. तारेच्या दोन्ही टोकांना पीव्हीसी पाइपचे बोटभर तुकडे बांधा, त्यापुढे दोरी. नायलॉनची बारीक दोरी उन्हात एक-दोन वर्षांत कुजते, दर दसऱ्याला हाताने ओढून पाहा.

३. तार ताणून बांधू नका. झाड वाऱ्याने हलतं. झाडाकडच्या दोरीला वीतभर झोळ ठेवा.

४. घराकडच्या टोकापासून रेडिओपर्यंत केबल टीव्हीची आरजी-६ तार आणा, म्हणजे घरातला गोंगाट वाटेत मिसळत नाही. या तारेची जाळी बहुधा अॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. केबलवाल्याकडून दाबून बसवायचा कनेक्टर लावून घ्या. रेडिओकडच्या ३.५ मिलिमीटर पिनमध्ये मधली तार टोकाला आणि जाळी मागच्या भागाला.

५. बाहेरच्या टोकाशी जाळीला अर्थ द्या. तीन फूट तांब्याची किंवा गॅल्वनाइज्ड सळई सब्बलीने भोक पाडून ठोका. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सळई सुटी राहते, म्हणून चैत्रापासून तिच्या बुडाशी आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

६. तार आणि अर्थ यांच्यामध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टर जोडा. कोरड्या गरम वाऱ्यात तारेवर स्थिर वीज साठते आणि रेडिओच्या पहिल्या चिपला खाते. या रेझिस्टरमधून ती हळूहळू उतरते.

एवढी तार लावल्यावर कधीकधी उलटंच होतं. सगळीकडे तीच एक-दोन स्टेशनं एकमेकांवर चढलेली ऐकू येतात. लहान रेडिओला सिग्नल जास्त झाल्याची ही खूण. खटका लोकलवर करा, नाहीतर तारेत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ओळीने टाका. तरीही गेलं नाही तर तार अर्धी करा.

रोहिणीच्या आधीचे वादळी पाऊस आणि परतीचा पाऊस या दोन्ही वेळा विजेच्या. आकाशात गडगडाट ऐकू आला की पिन काढून तार खिडकीबाहेर टाका. रेडिओ नुसता बंद करून काही होत नाही. आणि वीज जवळ आली असताना पिन काढायला जाऊ नका, तोवर उशीर झालेला असतो.

कोणत्या वेळी कुठे शोधायचं

दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी, रात्री खालच्या. उन्हात वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर लहान फ्रिक्वेन्सी शोषून घेतो, मावळतीनंतर तो विरतो. म्हणून दुपारी २५, १९ आणि १६ मीटर म्हणजे साधारण ११६००, १५१०० आणि १७५०० किलोहर्ट्झपासून पुढे शोधा. दिवेलागणीपासून ३१, ४१ आणि ४९ मीटर म्हणजे ९४००, ७२०० आणि ५९०० पासून पुढे. पहाटे पाच-सहाला ४१ मीटर पुन्हा जिवंत होतो, आणि त्याच्याच खाली ७००० ते ७२०० मध्ये भारतातले हॅम एलएसबीवर (एसएसबीचाच एक प्रकार) बोलताना सापडतात.

रेडिओ आणि अँटेना नीट आहे का याची परीक्षा १०००० किलोहर्ट्झवर घ्या. तिथे चीनचा वेळेचा संकेत दर सेकंदाला टिकटिकतो. झटका मशीनचीही टिकटिक अशीच वाटते, पण ती डायल कुठेही फिरवली तरी राहते, वेळेची फक्त १०००० वर. रोज रात्री आठला तो संकेत किती जोरात येतो एवढंच वहीत टिपून ठेवलं, तर एखाद्या दिवशी बँड मेला की अँटेना तुटली हे लगेच कळतं. सूर्यावर मोठा स्फोट झाला की दिवसा शॉर्टवेव्ह काही मिनिटं ते तासभर पूर्ण गप्प होऊ शकते. अशा वेळी रेडिओ खोलू नका.

वेळापत्रकं जागतिक वेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. १३:०० लिहिलं असेल तर संध्याकाळी साडेसहा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी स्टेशनं फ्रिक्वेन्सी बदलतात. नेहमीचं स्टेशन त्या सोमवारी सापडलं नाही तर आधी नवं वेळापत्रक बघा, मग सेल बदला.

पावसाळ्यात रेडिओ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल पाझरलाच, तर स्प्रिंगवर कापसाने लिंबाच्या रसाचे दोन थेंब लावा. फसफस थांबली की ओल्या आणि मग कोरड्या कापसाने पुसा, आणि शेवटी पेन्सिलीच्या खोडरबराने धातू चमकेपर्यंत घासा. कार्बन-झिंक सेलचा पाझर आंबट असतो, त्याला लिंबू चालत नाही. तिथे चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा कापूस तसाच फिरवा.